मिश्रणाची उदाहरणे (अंकगणित)

दोन किंवा अधिक पदार्थ एकत्र केल्यावर होणाऱ्या मिश्रणातील घटकांचे प्रमाण, त्याची संहती, कस किंवा दर काढावयास सांगणाऱ्या शाब्दिक उदाहरणांना मिश्रणाची उदाहरणे असे म्हणतात. दूध आणि पाणी, सोने आणि तांबे, दोन दरांचे तांदूळ, मिठाचे कमीअधिक तीव्र द्रावण हे त्यांतील नेहमीचे विषय होत. शालेय पाठ्यक्रमात ती गुणोत्तर व प्रमाण, शेकडेवारी आणि दोन चलांतील रेषीय समीकरणे या प्रकरणांतून विखुरलेली आढळतात. स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांत मात्र त्यांना स्वतंत्र प्रकरण दिलेले असते. भारतीय गणितग्रंथांत ही उदाहरणे फार जुनी असून भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त सोन्याच्या मिश्रणाचा विचार 'सुवर्णगणित' या नावाने आला आहे.

या उदाहरणांचे प्रकार पुष्कळ दिसतात आणि प्रत्येकासाठी वेगळे सूत्र सांगण्याची प्रथा पडली आहे. वस्तुतः या सर्वांच्या मुळाशी एकच गोष्ट आहे: मिसळण्याच्या क्रियेत शुद्ध पदार्थाचे वजन बदलत नाही, बदलते ते त्याचे प्रमाण. टक्के हे प्रमाण आहे, ती वस्तू नव्हे. म्हणून टक्क्यांची बेरीज करता येत नाही. टक्क्यांवरून काढलेल्या वजनांची करता येते.

संज्ञा

जो पदार्थ विरघळतो त्याला द्राव्य, ज्यात विरघळतो त्याला द्रावक आणि दोन्ही मिळून होणाऱ्या एकजिनसी मिश्रणाला द्रावण म्हणतात. द्रावणाच्या ठरावीक मात्रेत द्राव्य किती आहे हे सांगणारी राशी म्हणजे संहती होय. बोलीत तिला तीव्रता म्हणतात. धातू वितळवून केलेल्या मिश्रणास संमिश्र म्हणतात. सोन्याच्या बाबतीत संहतीऐवजी 'कस' हा शब्द चालतो. कसोटीच्या काळ्या दगडावर सोने घासले असता उमटणारी रेघ पाहून त्याची शुद्धता ठरवीत, त्यावरून तो रूढ झाला. आज बाजारात कस कॅरटमध्ये किंवा दर हजारी भागांत सांगतात. शुद्ध सोने २४ कॅरट मानले जाते, तेव्हा २२ कॅरट म्हणजे २४ भागांत २२ भाग सोने. दागिन्यावरील ९१६ हा आकडा याच अपूर्णांकाचे हजारी रूप आहे. १८ कॅरटसाठी तो ७५० होतो.

शेकडा प्रमाण सांगताना ते कशाचे शेकडा आहे हे पाहणे आवश्यक असते. वजनाशी वजन, आकारमानाशी आकारमान, किंवा द्रावणाच्या १०० मिलीलिटरमध्ये द्राव्याचे ग्रॅम अशा तीन पद्धती प्रचलित आहेत. शिरेतून देण्यात येणारे ०.९ टक्के सलाईन तिसऱ्या पद्धतीचे आहे. त्याच्या ५०० मिलीलिटरच्या बाटलीत ४.५ ग्रॅम मीठ असते.

गुणोत्तराच्या भाषेत आणखी एक खाचखळगा आहे. 'एकास नऊ' आणि 'दहात एक' या दोन शब्दप्रयोगांचा अर्थ एकच. 'एकास दहा' म्हणजे मात्र अकरात एक. जंतुनाशक म्हणून वापरले जाणारे ५ टक्के हायपोक्लोराइटचे द्रावण ०.५ टक्क्यावर आणायचे असेल, तर तीव्रता दहापट कमी करावी लागते. त्यासाठी एक भाग द्रावणात नऊ भाग पाणी घालतात, दहा भाग नव्हे. या ठिकाणी चूक झाली तर द्रावण ठरल्यापेक्षा सुमारे नऊ टक्क्यांनी फिके होते. औषधाच्या बाबतीत अशी चूक केवळ एका गुणाची राहत नाही.

मूलतत्त्व

महाराष्ट्रातील दूध संकलन केंद्रांवर गायीच्या दुधाचा दर साधारणतः ३.५ टक्के फॅट आणि ८.५ टक्के एसएनएफ या गुणप्रतीला धरून सांगितला जातो. फॅट म्हणजे दुधातील स्निग्धांश आणि एसएनएफ म्हणजे स्निग्धांश वगळता उरणारे घनपदार्थ. समजा, एका शेतकऱ्याने सकाळी ३.२ फॅटचे १२ लिटर आणि संध्याकाळी ३.८ फॅटचे ८ लिटर दूध घातले. दोन्ही दूध एकत्र केल्यास फॅट किती लागेल?

३.२ आणि ३.८ यांची सरासरी ३.५ येते. पुष्कळ विद्यार्थी येथेच थांबतात, कारण उत्तर नेटके दिसते. परंतु सकाळचे दूध जास्त आहे आणि तेच पातळ आहे, ही गोष्ट या सरासरीत कोठेच आलेली नाही. (लिटर आणि किलो यांतील बारीक फरक येथे सोडून दिला आहे.)

सकाळच्या दुधातील स्निग्धांश: १२ × ३.२ ÷ १०० = ०.३८४
संध्याकाळच्या दुधातील स्निग्धांश: ८ × ३.८ ÷ १०० = ०.३०४
एकूण स्निग्धांश: ०.६८८
एकूण दूध: २०
मिश्रणाचे फॅट: ०.६८८ ÷ २० × १०० = ३.४४

खरे फॅट ३.४४ आहे, म्हणजे ठरलेल्या गुणप्रतीच्या खाली. साध्या सरासरीने दर पूर्ण मिळेल अशी अपेक्षा होते आणि प्रत्यक्षात तो कापला जातो. साधी सरासरी बरोबर येण्यासाठी दोन्ही वेळचे दूध सारख्याच मापाचे असावे लागते. माप वेगळे असेल तेव्हा प्रत्येक टक्केवारीला तिच्या मापाने गुणून बेरीज घ्यावी लागते व एकूण मापाने भागावे लागते. यास भारित सरासरी म्हणतात.

कोणतेही मिश्रणाचे उदाहरण सोडविताना तीन रकाने मांडावेत: मात्रा, शेकडा प्रमाण, शुद्ध पदार्थ. प्रत्येक घटकासाठी एक ओळ आणि मिश्रणासाठी शेवटची ओळ. पहिल्या रकान्याची बेरीज होते, तिसऱ्याची होते. मधल्याची कधीही होत नाही. अज्ञात राशी या रकान्यांतील ज्या जागी असेल तेथे 'क्ष' लिहिला की तिसऱ्या रकान्यातून समीकरण आपोआप मिळते. उत्तर पडताळण्याची एक सोपी खूणही याच मांडणीत आहे: मिश्रणाचे प्रमाण नेहमी दोन घटकांच्या प्रमाणांच्या दरम्यान असते, आणि ज्या घटकाची मात्रा जास्त त्याच्याकडे झुकलेले असते. वरच्या उदाहरणात ३.४४ हे ३.८ पेक्षा ३.२ ला जवळ आहे, तेव्हा ते संभवते. ३.९ असे उत्तर आले असते तर आकडेमोड न तपासताही ते चूक ठरले असते.

गुणोत्तरे दिली असतानाही हीच दक्षता हवी. एका भांड्यात दूध व पाणी ३:१ आणि दुसऱ्यात ३:२ आहे. दोन्ही सारख्या मापाने एकत्र केले तर नवे गुणोत्तर ६:३ होत नाही. पहिल्यात दुधाचा भाग ३/४, दुसऱ्यात ३/५. दोन मापांत मिळून दूध २७/२० आणि पाणी १३/२०. म्हणून गुणोत्तर २७:१३. सहास तीन हे उत्तर पहिल्या भांड्यातून चार आणि दुसऱ्यातून पाच मापे घेतली तरच खरे ठरेल.

'लीलावती'तील सुवर्णगणित

भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६ (इ.स. १११४) मधील. 'सिद्धान्तशिरोमणी' हा ग्रंथ त्यांनी वयाच्या छत्तिसाव्या वर्षी, म्हणजे इ.स. ११५० च्या सुमारास रचला आणि 'लीलावती' हा त्याचा पहिला भाग मानला जातो. चाळीसगावजवळील पाटण येथील शिलालेखात त्यांचे नातू चंगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी मठ स्थापन केल्याची नोंद आहे. या ग्रंथातील मिश्रव्यवहार प्रकरणात मुद्दल आणि व्याज, भागीदारी, हौद भरणे यांच्या जोडीने सुवर्णगणित येते. तेथे कस 'वर्ण' या एककात दिला असून शुद्ध सोन्याचे वर्ण १६ धरले आहेत. वजन माषांत आहे.

पहिले उदाहरण असे: १३, १२, ११ आणि १० वर्णांचे सोने अनुक्रमे १०, ४, २ आणि ४ माषे घेऊन आटवले, तर मिश्रणाचे वर्ण किती? प्रत्येक वजनाला वर्णाने गुणले असता १३०, ४८, २२ आणि ४० मिळतात, बेरीज २४०. एकूण वजन २० माषे, म्हणून वर्ण १२. येथपर्यंत ही भारित सरासरीच आहे. परंतु उदाहरण येथे संपत नाही. हेच सोने तापवून शुद्ध केल्यावर १६ माषे उरले तर वर्ण किती होतील, आणि १६ वर्णांचे करावयाचे तर किती माषे उरतील, असे पुढे विचारले आहे. उत्तरे अनुक्रमे १५ वर्ण आणि १५ माषे. दोन्हींसाठी पुन्हा बेरीज करावी लागत नाही: २४० ही संख्या तशीच राहते, तिला १६ ने भागले की झाले. हीण जळून जाते, वजन घटते, कस वाढतो, आणि वजन व कस यांचा गुणाकार कायम राहतो. मिश्रणाच्या गणिताचे सार याहून थोडक्यात सांगणे कठीण आहे.

त्यानंतर भास्कराचार्य अज्ञात राशीची जागा बदलत जातात. १० वर्णांचे ८ माषे, ११ वर्णांचे २ माषे आणि वर्ण ठाऊक नसलेले ६ माषे सोने मिळून १२ वर्णांचे झाले, तर अज्ञात वर्ण किती? मिश्रणाचे वजन १६, म्हणून एकूण गुणाकार १९२. त्यातून ८० आणि २२ वजा जाता ९० उरतात आणि सहाने भागून १५ वर्ण मिळतात. आणखी एका उदाहरणात वजन अज्ञात आहे: १० वर्णांचे ३ माषे, १४ वर्णांचा १ माषा आणि १६ वर्णांचे काही सोने मिळून १२ वर्ण झाले. हे समीकरणाने मांडल्यास

३० + १४ + १६ क्ष = १२ (४ + क्ष)

आणि क्ष = १ माषा. आजच्या पाठ्यपुस्तकांतील बहुतेक उदाहरणे याच तीन साच्यांत बसतात: मिश्रणाचे प्रमाण अज्ञात, घटकाचे प्रमाण अज्ञात, किंवा घटकाची मात्रा अज्ञात.

चौथा साचा ज्यात एकही वजन दिलेले नसते, त्याचे. १६ आणि १० वर्णांच्या दोन गोळ्या एकत्र आटवल्यावर १२ वर्णांचे सोने झाले. गोळ्यांची वजने सांगा. भास्कराचार्यांची रीत अशी: मोठ्या वर्णातून इष्ट वर्ण वजा करावा, ते लहान वर्णाच्या सोन्याचे वजन, इष्टातून लहान वर्ण वजा करावा, ते मोठ्या वर्णाच्या सोन्याचे वजन. म्हणजे १० वर्णांचे ४ माषे आणि १६ वर्णांचे २ माषे. ही वजने कोणत्याही एकाच संख्येने गुणली तरी चालतात, कारण ठरते ते केवळ गुणोत्तर.

भास्कराचार्यांच्या पूर्वी महावीराचार्यांच्या 'गणितसारसंग्रह' (इ.स. नववे शतक) या ग्रंथातही सोन्याच्या मिश्रणाची उदाहरणे आहेत. युरोपात लिओनार्दो फिबोनाची याच्या १२०२ सालच्या 'लिबर अबाची' या ग्रंथात नाण्यांच्या धातुमिश्रणाला एक संपूर्ण प्रकरण दिले आहे. ज्या समाजात नाणे आणि दागिना वजनावर पारखला जातो तेथे हे गणित निर्माण होणे स्वाभाविक होय.

तिरकस वजाबाकीची रीत

वरील चौथ्या साच्याची रीत इंग्रजी अंकगणितातून पुन्हा आपल्याकडे आली ती 'अलिगेशन' या नावाने. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ बांधणे असा आहे. जुन्या पुस्तकांत दोन दर रेषेने जोडून दाखवीत, त्यावरून हे नाव पडले. दुग्धव्यवसायात आणि पशुखाद्य तयार करताना हीच रीत 'पिअर्सनचा चौकोन' म्हणून ओळखली जाते. डावीकडे दोन घटकांची प्रमाणे एकाखाली एक लिहितात, मध्ये इष्ट प्रमाण लिहितात आणि कर्णांच्या दिशेने वजाबाकी करून उजवीकडे मांडतात.

तिची उपपत्ती अवघड नाही. एका घटकाची मात्रा क व प्रमाण प, दुसऱ्याची मात्रा ख व प्रमाण फ, आणि मिश्रणाचे प्रमाण स असेल, तर

क × प + ख × फ = (क + ख) × स
क × (प − स) = ख × (स − फ)

पहिला घटक इष्टापेक्षा जेवढा जास्त आहे तो सारा जास्तीपणा दुसऱ्याचा कमीपणा भरून काढण्यात खर्च होतो, एवढाच या समीकरणाचा अर्थ. तरफेच्या नियमाचे रूपही हेच आहे. टेकूपासून जवळ बसणारा जड आणि लांब बसणारा हलका असावा लागतो, तसे इष्ट प्रमाणाच्या जवळ असलेला घटक जास्त आणि दूर असलेला कमी घ्यावा लागतो. ज्यांना वजाबाकी नेमकी कोणासमोर लिहायची याचा गोंधळ होतो, त्यांनी ही तरफ डोळ्यांपुढे आणावी.

१८ कॅरटचे १० ग्रॅम सोने शुद्ध सोन्यात मिसळून २२ कॅरटचे करावयाचे आहे. २४ − २२ = २ हे १८ कॅरटचे भाग; २२ − १८ = ४ हे शुद्ध सोन्याचे भाग. म्हणून १० ग्रॅमला २० ग्रॅम शुद्ध सोने लागेल. हलका कस उचलण्यासाठी किती सोने खर्ची पडते ते यावरून दिसते.

दरांची उदाहरणे याच रीतीने सुटतात, परंतु तेथे एक अट असते: तिन्ही दर खरेदीचेच असले पाहिजेत. ५२ आणि ६४ रुपये किलोचे तांदूळ मिसळून ६६ रुपयांनी विकले असता शेकडा १० नफा होतो, तर मिश्रणाचे गुणोत्तर काय? ६६ हा आकडा चौकोनाच्या मध्यभागी ठेवला तर तो दोन्ही दरांच्या बाहेर पडतो आणि उत्तर ऋण येते. आधी मिश्रणाची खरेदी काढावी: ६६ ÷ १.१ = ६० रुपये. मग ६४ − ६० = ४ आणि ६० − ५२ = ८, म्हणजे स्वस्त व महाग तांदूळ १:२.

परीक्षेत या रीतीने वेळ वाचतो यात शंका नाही. परंतु समीकरण न समजता केवळ चौकोन पाठ केलेला विद्यार्थी तीन घटक आले की अडतो. ४०, ५० आणि ७० रुपयांचे तांदूळ मिसळून ५५ रुपयांचे मिश्रण करा म्हटले, तर गुणोत्तर एकच नसते. १:१:० भागांनी ते जमत नाही हे उघड आहे. १:०:१, ०:३:१ आणि त्या दोहोंच्या कोणत्याही संयोगाने जमते. उदाहरणार्थ १:३:२ घेतल्यास ४० + १५० + १४० = ३३० आणि ३३० ÷ ६ = ५५. तीन अज्ञातांना एकच अट असल्यामुळे उत्तरे अगणित आहेत.

पाणी घालणे आणि पाणी उडून जाणे

पाणी म्हणजे शून्य टक्के द्रावण, असे मानले की पाणी घालण्याची उदाहरणे निराळी राहत नाहीत. पाणी उडून जाणारी उदाहरणे मात्र फसवी असतात, कारण त्यांत दिलेले शेकडा प्रमाण बहुधा पाण्याचे असते आणि कायम राहणारा घटक दुसराच असतो.

सांगली जिल्ह्यातील तासगाव परिसर बेदाण्यासाठी प्रसिद्ध आहे. ताज्या द्राक्षांत ८० टक्के आणि बेदाण्यात १५ टक्के पाणी धरले, तर १०० किलो द्राक्षांपासून किती बेदाणा मिळेल? पाणी ८० वरून १५ झाले म्हणून ६५ किलो गेले आणि ३५ किलो उरले, हे उत्तर हमखास येते. ते चूक आहे. ८० टक्के हे १०० किलोचे आहेत आणि १५ टक्के हे उरलेल्या मालाचे. दोन वेगळ्या पायांवरील टक्के एकमेकांतून वजा होत नाहीत. पाण्याशिवायचा गर २० किलो होता आणि तो २० किलोच राहतो. तो आता मालाच्या ८५ टक्के आहे.

बेदाणा = २० ÷ ०.८५ = २३.५ किलो (सुमारे)

चार किलो द्राक्षांस साधारण एक किलो बेदाणा, हा व्यवहारातील ठोकताळा यातून निघतो. चुकीच्या रीतीने हिशेब करणारा शंभर किलोमागे साडेअकरा किलो न मिळणारा माल कागदावर विकून बसेल.

याच प्रकारचे एक टोकाचे उदाहरण कोड्यासारखे विचारले जाते. ९९ टक्के पाणी असलेली १०० किलो फळे वाळून पाणी ९८ टक्के झाले, तर वजन किती? उत्तर ५० किलो. एक किलो कोरडा भाग आधी शेकडा एक होता, आता शेकडा दोन झाला. तेव्हा एकूण वजन निम्मे होणे भाग आहे.

काढून घेणे आणि भरणे

४० लिटर शुद्ध दुधातून ४ लिटर काढून तेवढेच पाणी घातले आणि ही क्रिया एकूण तीन वेळा केली, तर दूध किती उरेल? तीनदा चार म्हणजे १२ लिटर गेले, २८ उरले, असे उत्तर देणारा हे विसरतो की दुसऱ्या खेपेस काढलेले ४ लिटर निव्वळ दूध नव्हते. प्रत्येक खेपेस भांड्यातील मिश्रणाचा दहावा भाग निघतो, म्हणून त्यातील दुधाचाही दहावाच भाग निघतो. अनुक्रमे ४, ३.६ आणि ३.२४ लिटर दूध जाते आणि

४० × (९/१०)³ = २९.१६ लिटर

दूध राहते. भांड्याचे माप भ, दर खेपेस काढलेले माप ट आणि खेपा न असतील, तर उरलेला भाग (१ − ट/भ) याचा न वा घात असतो. चक्रवाढ घसाऱ्याचे सूत्र ते हेच. दूध निम्म्याच्या खाली येण्यास येथे सात खेपा लागतात.

धुणे खळबळण्यातही हे गणित आहे. पिळलेल्या कपड्यात एक लिटर साबणाचे पाणी राहिले आहे आणि स्वच्छ पाणी दहा लिटर आहे असे धरू. सारे पाणी एकदम घेतल्यास साबणाचा ११ वा भाग कपड्यात राहतो. तेच पाणी पाच-पाच लिटर दोनदा घेतल्यास आधी सहावा आणि मग त्याचा सहावा, म्हणजे ३६ वा भाग राहतो. पाणी तेवढेच, पण साबण तिपटीहून कमी. घरोघरी बायका दोनदा खळबळतात ते उगाच नव्हे.

दुधातील भेसळ: दोन अज्ञात आणि दोन मोजमापे

शालेय उदाहरणांत दुधात पाणीच घातलेले असते आणि शुद्ध दुधाचे प्रमाण ठाऊक असते. प्रत्यक्षातला प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. समजा, म्हशीच्या दुधाला किमान ६ टक्के फॅट आणि ९ टक्के एसएनएफ असे मानक धरले आहे. ७ टक्के फॅट व ९ टक्के एसएनएफ असलेल्या ९० किलो दुधात १० किलो पाणी घातले, तर फॅट ६.३ आणि एसएनएफ ८.१ होते. केवळ फॅट तपासल्यास हे दूध मानकात बसते. एसएनएफ मात्र ते उघडे पाडते. उलट १० किलो साय काढलेले दूध घातले, तर फॅट पुन्हा ६.३ होते आणि एसएनएफ जवळजवळ तसेच राहते.

लॅक्टोमीटर घनता मोजतो. स्निग्धांश पाण्यापेक्षा हलका असल्यामुळे साय काढली की दुधाची घनता वाढते, आणि पाणी घातले की कमी होते. दोन्ही गोष्टी बेताने केल्यास लॅक्टोमीटर जागच्या जागी राहतो. येथे उपकरणाचा दोष नाही. दोन अज्ञात राशींना एकच समीकरण पुरत नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते.

समजा, मूळ दूध ७ टक्के फॅट व ९ टक्के एसएनएफचे होते, आणि साय काढलेल्या दुधात फॅट शून्य व एसएनएफ ९.५ टक्के आहे. १०० किलो नमुन्यात फॅट ५.६ व एसएनएफ ८.१५ टक्के आढळले. फॅट फक्त मूळ दुधातून आले आहे, म्हणून मूळ दूध ५.६ ÷ ०.०७ = ८० किलो. त्याने ७.२ किलो एसएनएफ दिले, उरलेले ०.९५ किलो साय काढलेल्या दुधातले, म्हणजे ते १० किलो. राहिलेले १० किलो पाणी. दोन मोजमापांनी दोन्ही गोष्टी वेगळ्या झाल्या. व्यवहारात मूळ दूध नेमके कसे होते हे कोणासच ठाऊक नसते, कारण जनावर, चारा आणि ऋतू यांप्रमाणे ते बदलते. म्हणून कायद्याने किमान मर्यादा घालून दिल्या आहेत.

मिसळणे म्हणजे नेहमीच भेसळ असे नाही. म्हशीच्या घट्ट दुधात साय काढलेल्या दुधाची भुकटी आणि पाणी घालून ३ टक्के फॅट व ८.५ टक्के एसएनएफचे 'टोन्ड' दूध करतात. ही कल्पना मुंबईत १९४० च्या दशकात दारा खुरोडी यांनी रुजविली. थोड्या दुधात अधिक लोकांची गरज भागविणे हा तिचा हेतू होता. भुकटीपासून केलेले फॅटविरहित दूध आणि ६ टक्के फॅटचे दूध समभाग घेतले की ३ टक्के मिळतात. चौकोनाची गरजही लागत नाही.

मर्यादा

वजनाची बेरीज नेहमी जमते. आकारमानाची जमेलच असे नाही. ५० मिलीलिटर अल्कोहोल आणि ५० मिलीलिटर पाणी एकत्र केल्यास १०० न भरता सुमारे ९७ मिलीलिटर भरतात, कारण दोहोंचे रेणू एकमेकांलगत अधिक दाटीने बसतात. पाठ्यपुस्तकांतील लिटरमधील उदाहरणे हा आकुंचनाचा परिणाम नाही असे गृहीत धरून रचलेली असतात.

घनतेच्या उदाहरणांत तर काय टिकते याचा विचार आधी करावा लागतो. सिराक्यूजच्या हिएरो राजाच्या मुकुटात सोनाराने चांदी मिसळली की नाही हे आर्किमिडीजने पाण्याच्या साहाय्याने ओळखल्याची कथा व्हित्रुव्हिअस या रोमन लेखकाने सांगितली आहे. कथेत आकडे नाहीत; ते आपण घालू. मुकुट १००० ग्रॅम वजनाचा असून त्याने ६० घनसेंटिमीटर पाणी सारले. सोन्याची घनता १९.३ व चांदीची १०.५ धरल्यास, आणि सोन्याचे आकारमान क्ष घनसेंटिमीटर मानल्यास,

१९.३ क्ष + १०.५ (६० − क्ष) = १०००
८.८ क्ष = ३७०

क्ष सुमारे ४२ आणि सोने सुमारे ८११ ग्रॅम. येथे घनता चौकोनात मांडून काढलेले गुणोत्तर आकारमानांचे असते, वजनांचे नव्हे. ते वजनाचे समजून १००० ग्रॅम त्या प्रमाणात वाटल्यास सोने ७०१ ग्रॅम भरते आणि सोनारावर शंभराहून अधिक ग्रॅमचा खोटा आळ येतो. ज्या मापाने एका एककामागचे प्रमाण दिले आहे, त्याच मापाचे गुणोत्तर चौकोनातून मिळते. घनता दर घनसेंटिमीटरला असते, म्हणून घनसेंटिमीटर. दर किलोला असतो, म्हणून किलो.

करोनाच्या साथीत सर्वपरिचित झालेले हात निर्जंतुक करण्याचे द्रावण या संदर्भात पाहण्यासारखे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार ८० टक्के इथेनॉलचे १० लिटर द्रावण करण्यासाठी ९६ टक्क्यांचे ८३३३ मिलीलिटर इथेनॉल घेतात. हा आकडा चौकोनातून तंतोतंत निघतो: ८० आणि १६ म्हणजे पाच भाग इथेनॉल व एक भाग पाणी. त्याप्रमाणे उरलेले १६६७ मिलीलिटर पाणी असावे, असे विद्यार्थी लिहील. सूत्रात हायड्रोजन पेरॉक्साइडचे ४१७ व ग्लिसरीनचे १४५ मिलीलिटर सांगितले आहेत, परंतु पाण्याचे माप दिलेलेच नाही. द्रव १० लिटरच्या खुणेपर्यंत येईतो पाणी घालावे, एवढीच सूचना आहे.